गोंदणातला विंचू

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात, मग तो गंगाखेडचा असो, जिंतूरचा असो की मानवतचा, सत्तरी ओलांडलेल्या बायकांचे हात पाहावेत. भाजीच्या ढिगावर वाकलेल्या, पदराच्या गाठीतून नोटा सोडणाऱ्या त्या हातांवर काकणांच्या वर हिरवट-निळी नक्षी दिसते. कुठे तुळशीवृंदावन, कुठे ठिपक्यांच्या ओळी, कुठे भावाचे किंवा धन्याचे नाव, कुठे मोर. आणि एखाद्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधे, शेपूट वर वळवलेला विंचू.

तुळस का गोंदली हे विचारावे लागत नाही. मोराचेही कोडे नाही. विंचू मात्र घरात निघाला की जोड्याखाली जातो. ज्याला पाहताच बाई लेकरू उचलून मागे सरते, तोच प्राणी तिने आयुष्यभरासाठी आपल्या कातडीवर का घेतला असेल? या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. पण जी उत्तरे मिळतात, त्यांतली बहुतेक तिच्या घराच्या भिंतीपासून सुरू होतात.

आधी गोंदणाचा विधी पाहू, कारण विंचवाचा आकार त्यातूनच ठरला. गोंदणाऱ्या बायका बहुधा भटक्या जमातींतल्या असत. दक्षिणेकडे कोरव जमातीच्या बायका या कामासाठी प्रसिद्ध होत्या. मध्य भारतात बादी आणि देवार जमातींच्या. सुगी झाली, गावात धान्य आले, की त्या येत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसा त्यांचा संसार होता. दिव्याची काजळी धरायची, ती पाण्यात, दुधात किंवा पाल्याच्या रसात कालवायची, काडीने कातडीवर आकृती काढायची आणि एकत्र बांधलेल्या सुयांनी तीवर टोचत जायचे. रक्त पुसायचे, पुन्हा काजळी चोळायची, वरून हळद लावायची. मुलगी सात-आठ वर्षांची असो की बारा वर्षांची, तिला धरून बसवावे लागे. गोंदणारी गाणे म्हणे, मुलगी रडे, शेजारच्या बाया हसत हसत धीर देत. मोबदला म्हणून जोंधळे, तेल, जुने लुगडे मिळे.

सुईने रेघ ओढता येत नाही, ठिपके जोडून ती करावी लागते. म्हणून गोंदणात तेच आकार टिकतात जे थोड्या ठिपक्यांत ओळखू येतात. विंचू यात फार सोयीचा. मधली एक जाड रेघ म्हणजे धड, दोन्हीकडे आडव्या छोट्या रेघा म्हणजे पाय, पुढे दोन कमानी म्हणजे नांग्या आणि मागे वर वळलेली शेपूट, तिच्या टोकाला एक ठसठशीत ठिपका. वाघ काढायला गेले तर तो मांजरासारखा दिसण्याचा धोका. विंचू मात्र कितीही ओबडधोबड काढला तरी विंचूच दिसतो. त्याच्या लोकप्रियतेचे थोडे श्रेय या सोपेपणालाही द्यावे लागते.

काजळी काळी, मग गोंदण हिरवट-निळे का दिसते? काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. ते कातडीच्या वरच्या थरात राहत नाहीत. तो थर सतत झडून नवा होत असतो. सुई त्याखालच्या थरापर्यंत जाते. कातडीवर पडलेल्या प्रकाशातला तांबूस भाग खोल शिरतो आणि काजळी तो गिळून टाकते, निळसर भाग मात्र वरच्या वरच विखरून परत येतो. त्यामुळे काळे गोंदण बाहेरून निळे-हिरवे भासते.

आणि ते टिकते कसे? शरीराच्या संरक्षक पेशी हे परके कण गिळून ठेवतात. त्या पेशी काही वर्षांनी मरतात, पण त्यांनी सांडलेली काजळी शेजारच्या नव्या पेशी लगेच उचलतात. फ्रान्समधल्या मार्से येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून ही हस्तांतरणाची रीत दाखवून दिली. म्हणजे नव्वदीतल्या आजीच्या हातावरचा विंचू तिच्या लहानपणीच्या पेशींत बसलेला नाही. तो पेशींच्या कित्येक पिढ्यांनी एकमेकींकडे सोपवत आजवर आणला आहे.

गोंदणाबद्दलची एक समजूत महाराष्ट्रभर सापडते: माणूस जातो तेव्हा अंगावरचे सोने-नाणे इथेच उतरवून घेतात, सोबत जाते ते फक्त गोंदण. ज्या घरात सोने कधी आलेच नाही, आले तर सावकाराकडे गेले, त्या घरातल्या बाईला हे वाक्य किती आधाराचे असेल! पण तुळशीला ही समजूत पुरते, विंचवाला पुरत नाही. विंचवामागे आणखी एक समजूत आहे. इच्चू गोंदला की इच्चू चावत नाही. चावला तरी विष चढत नाही. त्याला जोडूनच, दृष्ट लागत नाही, वाईट शक्ती अंगाला शिवत नाहीत, हेही सांगितले जाते.

इथे परभणीच्या जुन्या घरांकडे वळले पाहिजे. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दगड आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचे माळवद. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी आत गारवा. पण हा गारवा विंचवालाही मानवतो. भिंतीच्या भेगा, चुलीमागचा कोनाडा, दाराशी रचलेल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या, गोवऱ्यांचा कलवड, कडब्याची गंज, बांधावरचे दगड ही त्याची घरे. तो निशाचर आहे. दिवसा दडतो, रात्री किडे शोधत फिरतो, पहाटे जी फट सापडेल तिच्यात शिरतो. मग ती फट चपलेची असो की वाळत घातलेल्या कपड्याच्या घडीची.

आता या घरात पहाटे अंधारात सर्वांत आधी कोण उठे? गोवऱ्या काढायला हात कोण घाले? चूल पेटवायला तुराट्या कोण ओढे, अनवाणी पायाने न्हाणीत कोण जाई, कापूस वेचायला, काढणीला, बुचाडातून पेंढ्या उपसायला कोण वाके? विंचूकाट्याचे भय सगळ्या घराला होते, पण त्याच्या वाटेत सगळ्यांत जास्त वेळा बाईचाच हात जात होता. विंचू हातावर गोंदला जाई, याचा आणि या कामांचा संबंध नसेल असे वाटत नाही. ज्या हाताला धोका, त्याच हातावर पहारा.

सगळे विंचू सारखे नसतात. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण तिचा डंख सहसा जीव घेत नाही. जीव घेतो तो लहानखुरा, तांबूस विंचू. त्याचे सध्याचे शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. भारतातल्या सर्वांत घातक विंचवांत त्याची गणना होते, आणि महाराष्ट्रात कोकणापासून मराठवाड्यापर्यंत तो आढळतो. विंचवाची मादी अंडी घालत नाही. ती पिल्ले प्रसवते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती पाठीवर वाहते. पाठीवरच्या बिऱ्हाडाची म्हण तिच्याकडे पाहूनच आली असणार.

धोक्याचेच चित्र करून धोका अडवायचा, ही युक्ती फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे. प्राचीन इजिप्तमध्ये सेरकेत नावाची देवी होती. तिच्या मस्तकावर विंचू असे. तूतनखामेनच्या थडग्यात राजाची आतडी-काळीज ज्या पेटीत ठेवले होते, तिच्या चार बाजूंना हात पसरून उभ्या असलेल्या चार सोनेरी देवतांत एक सेरकेत आहे. तिच्या पूर्ण नावाचा अर्थ घशाला श्वास देणारी असा लावतात. विंचवाच्या विषाने माणूस घुसमटून मरतो, हे त्या लोकांनी नीट पाहिले होते. इजिप्तमध्येच बाल होरस हातांत साप आणि विंचू धरून उभा आहे अशा दगडी पाट्या घडवत. त्यांवर पाणी ओतायचे आणि ते पाणी डंख झालेल्याला पाजायचे.

त्या देशात गोंदणही होते. ब्रिटिश म्युझियममधल्या गेबेलिन येथील एका पुरुषाच्या ममीच्या दंडावर रानबैल आणि रानमेंढा गोंदलेले आहेत, हे २०१८ मध्ये इन्फ्रारेड छायाचित्रांतून उघड झाले. ती ममी पाच हजार वर्षांहून जुनी आहे. प्राण्याचे चित्र कातडीवर काढण्याचे याहून जुने पुरावे जगात कमीच.

इतक्या दूर जायचीही गरज नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात परभणी होती तसेच यादगीरही होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत एक मुंबई राज्यात आले, दुसरे म्हैसूर राज्यात गेले. यादगीरजवळच्या कंदकूर गावात नागपंचमीला लोक डोंगरावर जातात, दगड उलथून विंचू काढतात आणि ते हातावर, गालावर, जिभेवरसुद्धा खेळवतात. त्या दिवशी विंचू डसत नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. कर्नाटकातच कोलारच्या कोलारम्मा मंदिरात चेलम्मा ही विंचवाची देवी आहे; तिला नवस केला की विंचूदंशापासून राखण होते असे मानतात. उत्तर प्रदेशात अमरोह्याला शाह विलायत यांच्या दर्ग्याच्या आवारातले विंचू कोणाला चावत नाहीत म्हणून भाविक ते तळहातावर घेतात. धर्म निरनिराळे, भाषा निरनिराळ्या, पण वैऱ्याशी सोयरीक करून त्याला बांधून घेण्याचा विचार तोच.

मंडला भागातल्या गोंड आणि बैगा स्त्रियांच्या गोंदणाची एक नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतावरील ग्रंथात आहे. तिथे पायावर गजकरण देव म्हणजे हत्तीदेव, ओझे पेलता यावे म्हणून. मांडीवर कोडादेव म्हणजे घोडादेव, खोगिराच्या आकारात, मांड्या घोड्यासारख्या बळकट व्हाव्यात म्हणून. प्राण्याची शक्ती नेमकी त्या अवयवात उतरवायची, हा त्यामागचा हिशेब. विंचवाचा हिशेब याच्या उलट आहे. हत्तीकडून बळ मागायचे असते. विंचवाकडून मागायचे असते ते त्याने दूर राहण्याचे वचन.

पूर्वेकडे बोर्निओ बेटावरच्या सारावाकमध्ये इबान लोकांच्या गोंदणात काला नावाची नक्षी असते. काला म्हणजे विंचू. ती इतकी वेलबुट्टीदार झालेली आहे की माहीत नसलेल्याला त्यात विंचू दिसणारही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या गोंदणाचा अभ्यास करणाऱ्या चार्ल्स होज आणि रॉबर्ट शेलफर्ड यांना ही नक्षी शेजारच्या कायान लोकांच्या कुत्र्याच्या नक्षीतून बदलत आलेली वाटली. हे खरे असेल तर मोठी उद्बोधक गोष्ट आहे: हात बदलता बदलता कुत्र्याचा विंचू झाला, आणि नव्या लोकांनी त्याला नवा अर्थ दिला. थायलंडमध्ये बौद्ध भिक्खू आणि आचार्य मंत्र म्हणत सक यंत नावाचे गोंदण करतात. त्यात वाघ, हनुमान, पाल यांच्या जोडीला विंचूही असतो. बँकॉकजवळच्या वाट बांग फ्रा विहारात दरवर्षी असे गोंदण घेतलेल्यांचा मेळा भरतो. तेव्हा अंगावर वाघ असलेले भक्त वाघासारखे डरकाळ्या फोडत धावत सुटतात. गोंदलेला प्राणी अंगात येतो, ही कल्पना आपल्याकडच्या जत्रेत वारे घेणाऱ्यांना चटकन समजेल.

एवढ्यावर थांबले तर विंचू फक्त राखणदार ठरेल. पण त्याची दुसरी बाजू तितकीच जुनी आहे, आणि ती प्रेमाची, कामवासनेची आहे.

खजुराहोच्या मंदिरांवर मांडीवर विंचू चढलेल्या सुरसुंदरी आहेत. वस्त्र ढळते आहे, ती ते सावरते आहे की झटकते आहे हे शिल्पकाराने मुद्दाम सांगितलेले नाही. विंचू इथे मदनाच्या बाणाच्या जागी आहे. प्राचीन मेसोपोटेमियात इशारा नावाच्या देवीचे चिन्ह विंचू होते, आणि ही देवी शपथांची तशीच प्रेमाची. गुजरातेत, कच्छ-सौराष्ट्रातल्या रबारी आणि मेर स्त्रियांच्या गोंदणात विंचू आवर्जून असतो. रबाऱ्यांच्या भरतकामातही तो येतो, आणि तिथल्या लोकगीतांत विंचवाचा डंख म्हणजे प्रीतीची कळ. मराठी लावणीलाही हा डंख नवा नाही.

उलट देवी चामुंडेच्या मूर्तीत विंचू दिसतो तो तिच्या खपाटीला गेलेल्या पोटावर. हाडांचा सापळा झालेली, डोळे खोबणीत गेलेली ही देवी भूक, दुष्काळ आणि मृत्यू यांची आहे. पोटात कळ उठावी तसा तो विंचू तिच्या बेंबीजवळ बसलेला असतो. एकाच प्राण्याने सुरसुंदरीच्या मांडीवर वासना व्हावे आणि चामुंडेच्या पोटावर भूक व्हावे, यात विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी तो आतून डसणाऱ्या गोष्टीचे रूप आहे.

ही आतून डसण्याची गोष्ट मराठवाड्याच्याच एका माणसाने सर्वांत ठळकपणे सांगितली. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात विंचू चावल्याचे भारूड रचले. त्यात विंचू म्हणजे काम आणि क्रोध. त्याचे विष अंगभर भिनते, माणूस कळवळतो. आणि उतारा सांगितला आहे तो तमोगुण मागे सारून सत्त्वगुण अंगाला लावण्याचा. पुढे शाहीर साबळे यांच्या आवाजात हे भारूड घरोघरी पोहोचले. त्याची ताकद तत्त्वज्ञानात जितकी आहे तितकीच त्या तडफडीच्या सोंगात आहे. पैठणहून वाहत येणारी गोदावरी पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून जाते; तिच्या काठच्या गावांत भारूड ऐकायला बसलेल्या माणसांपैकी अनेकांनी तो डंख घरात पाहिलेला किंवा स्वतः सोसलेला असे. नाथांना विंचवाची भीती समजावून सांगावी लागली नाही. ती आधीच अंगावर होती, काहींच्या बाबतीत गोंदलेलीसुद्धा.

मग गोंदणाचा उपयोग होत असे का? विषावर नाही. पण लोकांना तो होतो असे वाटे, आणि त्याला कारण आहे. विंचूदंशाच्या बहुसंख्य घटनांत माणूस मरत नाही. डंखाच्या जागी आग होते, मुंग्या येतात, एखाद दिवसात कळ उतरते. मांत्रिकाने मंत्र घातला, चिंचोका उगाळून चिकटवला, आघाड्याचे मूळ लावले, किंवा हातावर विंचू गोंदलेला असला, तरी बहुतेक माणसे बरी होणारच होती. यश मंत्राच्या, मुळीच्या आणि गोंदणाच्या नावावर जमा होई. जी माणसे, बहुधा जी लहान मुले, दगावत, त्यांचे कारण नशिबावर जाई.

ती का दगावत, हे शोधले एका मराठवाड्यातल्याच डॉक्टरने. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे जन्मगाव देहेड, जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. शिक्षण झाल्यावर १९७० च्या दशकात त्यांची नेमणूक रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. तिथे विंचू चावलेली मुले डोळ्यांदेखत मरत होती. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या: दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, आधी चढलेला रक्तदाब, मग खचलेले हृदय आणि शेवटी फुप्फुसांत पाणी, तोंडाला गुलाबी फेस. १९८२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी धोक्याची ही पूर्वचिन्हे मांडली.

विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या धरून ठेवते, त्यामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचे वादळ उठते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. या आवळण्यावर नेमका काम करणारा एक उपाय आधीच दुकानात मिळत होता, पण रक्तदाबासाठी: प्राझोसिन. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशात तो वापरून पाहिला. १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याविषयी लिहिले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस-चाळीस टक्के दगावत. स्वस्तातल्या या गोळीने ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. पुढे २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी दाखवले की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिले तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

त्यांचे एक निरीक्षण खेड्यातल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवे. डंखाच्या जागी असह्य कळ आहे म्हणजे जीव धोक्यात आहे असे नाही. उलट जागेवर फारसे दुखत नाही पण घाम फुटला आहे, उलटी होते आहे, हातपाय गार पडत आहेत, तर एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठायला हवा.

याच काळात घरेही बदलली. माळवदे उतरली, पत्रे आले, मग स्लॅब. घरोघर वीज आली, अंधारात हात घालण्याची वेळ कमी झाली. पऱ्हाट्यांच्या जागी गॅसचे सिलिंडर आले. मुली शाळेत जाऊ लागल्या आणि शाळेत गोंदलेल्या हनुवटीला अडाणीपणाची खूण समजले जाऊ लागले. गोंदणाऱ्या बायकांची फेरी थांबली. मराठवाड्यातल्या साध्या शेतकरी घरांत १९८० नंतर जन्मलेल्या मुलींच्या हातावर विंचू शोधावा लागेल; तांड्यांवर आणि आदिवासी वस्त्यांवर गोंदण थोडे जास्त टिकले, तेही ओसरत आहे.

विंचू मात्र गेला नाही. त्याने जागा आणि मालक बदलले. आता तो शहरांतल्या टॅटूच्या दुकानांत आहे, मशीनच्या सुईने काढलेला, छटांसह, नांग्यांची लव दाखवणारा. घेणारे बहुतेक तरुण मुलगे. कारण विचारले तर वृश्चिक रास सांगतात, किंवा आपल्या वाटेला कोणी जाऊ नये हा इशारा. रास सांगणारा तरुण बाबिलोनच्या आकाशवेधाशी जोडलेला आहे, कारण आकाशातल्या त्या तारकासमूहाला विंचू म्हणण्याची प्रथा तिथूनच पसरली. इशारा देणारा तरुण आपल्या आजीच्या विंचवाला नकळत उलटा वळवतो. आजीचा विंचू संकट दूर ठेवण्यासाठी होता. नातवाचा विंचू त्याला स्वतःला संकट म्हणून मिरवण्यासाठी आहे. दोन्ही अर्थ खरे आहेत, पण आजीच्या अर्थामागे जितके जगणे आहे तितके नातवाच्या अर्थामागे अजून नाही.

परभणीतून सैन्यभरतीला जाणाऱ्या मुलांना गोंदणाचा आणखी एक अर्थ समजतो. लष्कराच्या नियमाप्रमाणे कायमचे गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालते. इतरत्र असेल तर उमेदवार बाद होऊ शकतो. आदिवासी समाजांच्या उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. त्यामुळे मानेवर किंवा छातीवर विंचू घेतलेले काही जण लेझरच्या दवाखान्यात बसतात. लेझर काजळीच्या किंवा रंगाच्या कणांचा भुगा करतो; तो भुगा शरीर हळूहळू वाहून नेते. पण उरलेले कण नव्या पेशी पुन्हा उचलत राहतात, म्हणून एका खेपेत काम होत नाही, अनेक खेपा लागतात, महिने लागतात आणि सुई टोचून घेण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतात.

जुन्या गोंदणाची नोंद करायला आता फार वेळ उरलेला नाही. परभणी, हिंगोली, नांदेड भागात ज्यांच्या हातावर, कपाळावर, पिंढरीवर ही नक्षी आहे त्या बायका सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आहेत. गोंदणाचे फोटो पुष्कळ निघतात. सुरकुतलेला हात आणि निळी नक्षी हे छायाचित्रकारांना आवडते. पण फोटोत नक्षी येते, तिची हकीकत येत नाही. विंचवाच्या शेजारी कोणती नक्षी आहे, गोंदणारी कुठून आली होती आणि तिची भाषा कोणती होती, ते माहेरी झाले की सासरी, किती पायल्या जोंधळे दिले, आकृती कोणी निवडली, घरात त्याआधी कोणाला विंचू चावला होता का, हे विचारले पाहिजे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अमुक घरात लेकरू विंचवाने गेले आणि त्यानंतर घरातल्या मुलींनी विंचू गोंदवून घेतला, असे जर चार गावांत सांगितले गेले, तर गोंदणाच्या अर्थाबद्दल आज जे तर्काने म्हणावे लागते ते पुराव्याने म्हणता येईल. आजी अजून घरात आहे तोवर हे काम तिची नात, मोबाइलवर आवाज नोंदवून, एका दुपारी करू शकते.